काचेतली सरळ वाट

माझ्या बहिणीची मुलगी दहावीला आहे. परवा ती माझ्याकडे अभ्यासाला बसली होती. पुस्तकात भिंगाची आकृती होती आणि भिंगाच्या बरोबर मधून एक आडवी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली होती.

"ही रेघ कसली गं?" मी विचारलं.

"मुख्य अक्ष. मावशी, तुला नाही कळायचं. पाठ करून टाकायचं असतं ते."

मला बोलायला वेळ लागतो, आणि तोवर समोरचा पुढच्या पानावर गेलेला असतो. पण ती रेघ मी ओळखली. तिला असं भारदस्त नाव आहे हे मला माहीत नव्हतं इतकंच. तिच्यावरच माझं घर चाललं. म्हणून पोरीची अर्धी कोरी राहिलेली वही मागून घेतली आणि हे लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. आमच्या दिघाशी गावात तेव्हा पुढचे वर्ग नव्हते आणि मुलींना लांब पाठवत नव्हते. तेव्हा अक्षर कसं आहे ते बघायचं नाही. तसंही हे माझ्यासाठीच आहे.

मी भिवंडीत चष्म्याच्या दुकानात काम करते. दुकानाच्या पुढच्या भागात आरसे, फ्रेमा, गादीची खुर्ची. तिथे मालक शौकतभाई बसतात. मध्ये एक निळा पडदा आहे आणि पडद्यामागे मी. नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता, त्याला छातीचा आजार लागला आणि मला काम शोधावं लागलं. हे काम मी घेतलं ते त्या पडद्यासाठी. गिऱ्हाईक पुढे, आपण मागे. झाडायचं, पुसायचं, चहा द्यायचा आणि गुपचूप बसायचं.

पडद्यामागे एक म्हातारे कारागीर होते. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. पाण्याखाली फिरणाऱ्या दगडी चाकावर काच धरून ते तिला फ्रेमच्या आकाराची करायचे. तेही बोलत नसत. एका टेबलाशी न बोलणारी दोन माणसं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. काच घासताना मी बघत बसते हे त्यांनी कितीतरी दिवस पाहिलं, आणि एकदा हातातली काच माझ्यापुढे केली.

"इसका बीच ढूँढ."

कोरी काच गोल असते, वाटीवरच्या झाकणाएवढी. मी गोलाच्या मधोमध बोट ठेवलं. उस्ताद हसले. मग त्यांनी टेबलावरचा छोटा बल्ब लावला आणि काच त्याच्याखाली धरायला लावली. काचेला दोन पाठी असतात, एक पुढची, एक मागची. दोन्ही पाठींवर बल्ब चमकतो. म्हणून एका काचेत दोन बल्ब दिसतात, एक ठळक आणि एक फिका. काच जरा हलवली की ते दोघं एकमेकांपासून पळतात. हळूहळू फिरवत राहिलं की एक क्षण असा येतो की फिका बल्ब बरोबर ठळक बल्बच्या मागे जाऊन लपतो.

"रुक," उस्ताद म्हणाले. "अब तू सीधे रास्ते पर खड़ी है."

काचेचं काम उजेडाला वाकवायचं. नजर सुधारते ती त्या वाकवण्यानेच. पण प्रत्येक काचेत एक वाट अशी असते की तिथून गेलेला उजेड जराही वाकत नाही, सरळ आत येतो आणि सरळ बाहेर जातो. त्या वाटेपासून जितकं लांब जाल तितका उजेड जास्त वाकणार. ही वाट काचेच्या गोलाच्या मधोमध असेलच असं नाही. कधी ती बाजूला असते, आणि ती शोधून तिच्यावर शाईचा ठिपका मारायचा. तो ठिपका माणसाच्या बुबुळासमोर येईल अशी काच कापायची. चष्मा बनवणं म्हणजे मुळात एवढंच. फ्रेम काय, दांड्या काय, ते सगळं त्या ठिपक्याला डोळ्यासमोर धरून ठेवण्यासाठी असतं.

उस्तादांनी दुसरी गोष्ट बऱ्याच महिन्यांनी सांगितली. ठिपका डोळ्यासमोर आला म्हणजे काम झालं असं नाही. ठिपका हे त्या वाटेचं फक्त दार. काच कलती बसली, तर दार समोर असूनही वाट डोळ्याच्या बाजूने निघून जाते. वाट डोळ्याच्या आतपर्यंत गेली पाहिजे. म्हणून चष्मा घातल्यावर पुढून बघायचं, मग बाजूने बघायचं, आणि फ्रेम बोटांनी इवलीशी वाकवायची.

इथपर्यंत मला आवडत होतं. पण ठिपका कुठे मारायचा हे कळायला आधी गिऱ्हाइकाच्या समोर बसून त्याच्या डोळ्यांत सरळ बघावं लागतं. उस्तादांचा हात थरथरायला लागला आणि ते काम माझ्याकडे आलं.

परक्या पुरुषाच्या डोळ्यांत बघायचं! गावात असं कुणी केलं असतं तर आईने पाठीत धपाटा घातला असता. पहिला माणूस ट्रक ड्रायव्हर होता, मोठ्या मिशांचा. मी पेन घेऊन त्याच्यासमोर बसले आणि त्याच्या शर्टाच्या बटणांकडे बघत राहिले.

"ओ बाई, डोळे वर आहेत," तो म्हणाला आणि दुकानातले सगळे हसले.

मी पडद्यामागे पळाले. उस्ताद रागावले नाहीत. म्हणाले, "आदमी को मत देख. पुतली को देख. पुतली में आदमी नहीं होता, खिड़की होती है."

आणि खरंच, बुबुळात बघायला लागल्यावर मला माणूस दिसेनासा झाला. तिथे दुकानाचं दार दिसायचं, दारातला उजेड, कधी बाहेर उभी असलेली रिक्षा. त्या एवढ्याशा दारावर नजर ठेवून मी ठिपके मारायला शिकले. बायका, म्हातारे, पोलीस, मौलवी, भाजीवाले, सगळ्यांच्या डोळ्यांत मी बघितलं. चेहरे विचाराल तर एकही आठवत नाही.

एक मात्र आठवतात. कशेळीचे एक पाटील. खाडीकाठची जमीन गोडाऊनला दिलेली, गळ्यात सोन्याची साखळी, आणि मुलाची हळद दोन दिवसांवर आलेली. त्यांनी दुकानातली सगळ्यात मोठी फ्रेम उचलली. गालापर्यंत येत होती.

"बाय, यात मना नंबर टाकून दे. आजच पायजे."

डोळ्यांचं माप घेऊन मी पडद्याआड गेले आणि तिथून शौकतभाईंना खुणेने सांगितलं की होणार नाही. त्यांचे दोन डोळे जवळ-जवळ होते आणि नंबर मोठा. एवढ्या रुंद फ्रेममध्ये ठिपका डोळ्यासमोर आणायचा तर काच नाकाकडे सरकवावी लागते, आणि मग बाहेरच्या बाजूला काच पुरत नाही. शौकतभाईंनी त्यांना हे समजावलं.

"काच पुरत न्हाय म्हंजे? आमच्या हलदीला हजार माणूस जेवतंय, आन माझ्या डोल्याला काच पुरत न्हाय?"

शेवटी मी बाहेर आले. मग दोन चमचे त्यांच्या हातात दिले, एक जवळ आणि एक लांब धरायला लावला, आणि त्यांनी उचललेलीच फ्रेम तशीच नंबरच्या काचा वेड्यावाकड्या अडकवून त्यांच्या डोळ्यांवर ठेवली. पाटलांनी एक चमचा दुसऱ्यावर आपटायचा प्रयत्न केला. तीनदा हुकला.

"आयला," ते म्हणाले, "यात तर मी नवरीच्या आईला हलद लावीन."

त्यांनी छोटी फ्रेम घेतली. हळदीचं आमंत्रण मलाही दिलं, पण मी गेले नाही. तिथे हजार माणूस होतं.

पुढे उस्ताद आपल्या मुलुखात परत गेले आणि तिकडेच वारले. शौकतभाईंच्या मुलाने काच कापायचं मशीन आणलं. मशीन माझ्याहून सफाईने कापतं, ते कबूल करायला मला काही वाटत नाही. पण ठिपका कुठे हवा हे त्यालाही कुणीतरी सांगावं लागतं. ते मी सांगते. उस्तादांचं चाक मी टाकू दिलं नाही, कोपऱ्यात ठेवून घेतलं.

आता ज्याच्यासाठी वही उघडली ते सांगते.

नरसय्यामामा तेलुगू होते, पण जन्म भिवंडीतला. त्यांचं काम तार जोडणीचं. लूमवर ताण्याचा, म्हणजे सुताच्या उभ्या तारांचा मोठा रूळ असतो, त्याला बीम म्हणतात. बीम संपलं की नवीन चढवतात, आणि जुन्याचं एकेक तारेचं टोक नव्याच्या एकेक तारेला जोडतात. हजारो तारा. बोटांना राख लावायची, दोन टोकं चिमटीत पिळायची, पुढची घ्यायची. मामा हे काम पोरवयापासून करत होते. मग त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू झाला, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी नवा नंबर दिला आणि चष्मा आमच्याकडे बनला.

ते तक्रार घेऊन आले. पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी पडद्यामागून सगळं ऐकत होते.

"शौकतभाई, इथे बसलो की सगळं दिसतं हो. पण कामावर एका तारेच्या दोन होतात. खरी कुठली आणि खोटी कुठली तेच कळत नाही. पकडायला जातो तर चिमटीत हवा."

शौकतभाईंनी बारीक अक्षरांचा तक्ता पुढे धरला. मामांनी शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. डॉक्टरांकडूनही एकदा तपासून आले होते. नंबर बरोबर होता, काच बरोबर होती, ठिपका बुबुळासमोर होता.

"मामा, फिर तो ये वहम है," शौकतभाई म्हणाले, पण त्यांनाच ते पटलेलं नव्हतं.

"असेल," मामा म्हणाले. "मागच्या बीमला माझ्याकडून तारा उलटसुलट जोडल्या गेल्या. सगळं कापड खराब. मुकादम म्हणाला, आणखी एक बीम बघणार, मग हातात झाडू देणार. दुसरीकडे कुठे जाऊ? आमच्या गल्लीत अर्धे लूम भंगारात गेले. आणि झाडू मारायला मला लाज नाही वाटत हो. पण ज्यांना मी जोडणी शिकवली त्यांच्या पायाखालचा कचरा काढायचा..."

मी पडदा बाजूला केला.

"मामा, तुम्ही कामाला बसता कसे?"

माझा आवाज ऐकून शौकतभाईच दचकले. मामा खुर्चीवरून उठले आणि दुकानाच्या फरशीवर बसले. एक पाय दुमडला, मान डाव्या खांद्यावर टाकली आणि नजर मांडीत घातली. मी वाकून पाहिलं. त्यांचे डोळे काचेच्या अगदी खालच्या कोपऱ्यातून बघत होते. ठिपका राहिला होता वर, कपाळाखाली, रिकामाच.

साध्या माणसाचं एवढ्याने बिघडत नाही. पण मामांचा एक डोळा ऑपरेशनचा, एक जुना. एक काच पातळ, दुसरी जाड. सरळ वाटेवर दोन्ही सारख्याच, कारण तिथे कुणीच उजेड वाकवत नाही. वाट सोडून कोपऱ्यात गेलं की पातळ काच तार थोडी सरकवते आणि जाड काच जास्त सरकवते. एका डोळ्याला तार इथे, दुसऱ्याला तिथे. एकीच्या दोन झाल्या. कुणाचीच चूक नव्हती. आम्ही माणसाला खुर्चीवर बसवून मापतो, आणि या माणसाने आयुष्यात खुर्चीवर बसून काम केलेलं नव्हतं.

"तो सेंटर नीचे कर दो," शौकतभाई म्हणाले.

"कितना?"

मामांना पुन्हा बसवलं, पण प्रत्येक वेळी मान वेगळी पडायची. शेवटी तेच म्हणाले, "तारा असल्याशिवाय मान नीट वाकत नाही, बाई. मानेला सांगून होत नाही."

म्हणजे कारखान्यात जायला हवं होतं. माझ्या नवऱ्याने जन्म लूमवर काढला, पण मी कधी कारखान्याच्या उंबऱ्याच्या आत गेले नव्हते. तिथे नुसते पुरुष. शौकतभाई म्हणाले, मी बरोबर येतो. मी रात्रभर विचार केला नाही, कारण केला असता तर गेलेच नसते.

कारखान्यात एवढा खडखडाट की बोललेलं ओठांवरून ओळखावं लागतं. एक लूम बंद होतं, त्याच्यावर मामांनी तारा ताणून ठेवल्या होत्या. ते बसले. मी त्यांच्या डोळ्यांवर बिननंबरची छोटी गोल फ्रेम चढवली. तिच्या साध्या काचांवर बारीक रेघा आखलेली चिकटपट्टी लावून आणली होती. मामा काम करताना बुबुळ कुठल्या रेघेमागे येतं ते वाचायचं. पण ते खाली बघत होते. त्यांची बुबुळं दिसायची तर मला तारांच्या खाली जायला हवं होतं.

मी पदर खोचला आणि बंद लूमखाली शिरले.

"अरे, अब चश्मेवाली भी लूम के नीचे!" मुकादम ओरडला. "बाई, तेल है उधर, साड़ी जाएगी."

मी पाठीवर पडले. वर तारांचं छत. पांढरं, बारीक, इतकं दाट की उजेड गाळून खाली येत होता. आणि त्या छताच्या पलीकडे दोन म्हातारे डोळे माझ्याकडे बघत होते. मामांनी ते चटकन बाजूला वळवले.

"मामा, माझ्याकडे नका बघू. तारेकडे बघा."

"तुम्ही तारेच्या मागेच आहात ना, बाई!"

भोवतीची माणसं हसली. मलाही हसू आलं. मग मामांनी राख घेतली, एक टोक उचललं, आणि मान आपोआप त्या जागी गेली. मी एक डोळा मिटला आणि सरकत सरकत तिथे आले जिथे त्यांचं बुबुळ, काच, त्यांच्या चिमटीतली तार आणि माझा डोळा एका रेघेत आले. रेघ वाचली. मग दुसरा डोळा. पुन्हा पहिला, खात्रीसाठी. प्रत्येक वेळी तीच जागा. मानेला ती जागा पाठ होती.

काचा मशीनवर दिल्या तर ते मशीन मानेना. शौकतभाईंचा मुलगा म्हणाला, "आंटी, सेंटर इतकं खाली कुणी ठेवतं का? एरर देतंय." मी उस्तादांचं चाक पुसलं, पाणी सोडलं आणि दोन्ही काचा हातानेच घासल्या. तीच छोटी गोल फ्रेम घेतली आणि तिचा खालचा काठ गालाकडे वळवला, म्हणजे खाली बघताना वाट डोळ्यात सरळ जाईल.

बीम चढवायच्या सकाळी चष्मा घेऊन मी स्वतः गेले, शौकतभाई बरोबर होते. मामांच्या डोळ्यांवर तो घातला, पुन्हा तारांखाली पडून बघितलं, एक दांडी जरा दाबली.

"किती तारा आहेत, मामा?"

त्यांनी बोटाने एक उचलली. बराच वेळ तिच्याकडे बघितलं. "एक," ते म्हणाले.

शौकतभाई दुकानावर परत गेले. मला निघवेना. मी सुताच्या गोणीवर बसून राहिले, पुरुषांच्या कारखान्यात एकटी बाई. मामांची बोटं चालली होती. राख, पीळ, पुढची. मध्येच कुणीतरी माझ्यासाठी चहा आणून ठेवला. कुणी ते मला आठवत नाही, कारण मी मामांच्या चिमटीवरून नजर हलवत नव्हते.

दुपारनंतर जोडणी संपली. पण जोडणी बरोबर आहे की नाही हे पिळाच्या गाठी फणीतून पुढे जाताना कळतं. फणी म्हणजे लोखंडी कंगवाच, एकेका फटीतून ठरलेल्या तारा. उलटसुलट जोडली असेल तर तिथे अडकते आणि तुटते. मुकादमाने स्वतः बीम हाताने फिरवायला घेतलं. गाठींची ओळ हळूहळू फणीकडे सरकली. मामा भिंतीला टेकून उभे होते, चष्मा हातात, डोळे मिटलेले.

एक तार तुटली. मुकादमाने मामांकडे बघितलं. मग बीम फिरवलं. आणखी एक तुटली, दुसऱ्या टोकाला. मग मात्र गाठी सरळ निघाल्या, सगळ्या, आणि फणीच्या पुढे पांढरा सपाट ताणा आला. मुकादमाने त्यावरून हात फिरवला, वाकून बाजूने बघितलं, पुन्हा हात फिरवला.

"इतनी तो सबकी टूटती हैं," तो म्हणाला. मग मामांकडे न बघता, "चाचा, खिड़की के पासवाला बीम कल चढ़ेगा. टाइम से आना."

मामांनी चष्मा घातला, दोन पावलं टाकली आणि भेलकांडून खांबाला धरलं.

"बाई, जमीन वर आली!"

"मामा, ह्याने चालायचं नाही. रस्त्याला जुना चष्मा. ह्याच्यातून फक्त तारा दिसतात."

"मग बरं," ते म्हणाले, "मला तेवढंच पाहिजे." आणि खांबाला धरूनच हसत राहिले.

संध्याकाळी शौकतभाई मला न्यायला आले. दारात माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, बालों में पूरी रुई लगी है. पोंछ लो, बाज़ार से जाना है."

मी हात डोक्यापर्यंत नेला आणि तसाच खाली घेतला. भर बाजारातून, ओळखीच्या सगळ्या दुकानांसमोरून, मी ती रुई केसांत घेऊन घरी गेले.